मीठ

दूध पावडरीचा रिकामा डबा
परकारने बुडाजवळ भोक पाडून पाइपाला बांधला,
तोंड सी-ब्लॉककडे.
पलीकडच्या गच्चीवर मोतालेब, हातात तसाच डबा.
मध्ये सलमाबादची गॅरेजं आणि एक खजूर,
माडासारखा सरळही नाही,
नेमका आडवा.

"डावीकडे. अजून. जरा खाली."
सुट्टीचा एकच वार, शुक्रवार.
पान्हा फडक्यात धरावा लागत होता.
कुंजुमोनने वर्गणीची वही आणली:
माणशी अर्धा दिनार.
ज्याचा पगार अडकलाय त्याच्या नावापुढे नुसती फुली.
फुलीलाही पासवर्ड तोच.

मगरिबच्या सुमाराला हिरवा दिवा लागला.
वाटलं, आता जो तो घरी फोन लावेल.
पण पहिला निरोप आला
सी-ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावरून,
चार वर्षांत ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं
अशा कुणाचा तरी:
"मीठ आहे का?"

मी पुडी घेऊन जिना उतरलो.

रात्री वारा सुटला, डबा फिरला.
पाचच्या बसआधी
कुणीतरी वर जाऊन तो सरळ केला होता,
आतली वाळूही पुसली होती.
कुणी, ते अजून कळलेलं नाही.
परकार म्हणतो, मी नाही.