एकशे एक्क्याण्णव

छिगूच्या मच्छीमार संघात, दुसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि बादलीला खेटून आमचा सर्व्हर.
डेटाबेस फुकटचा, ओपन सोर्स.
सोळा वर्षं झाली, चक्रीवादळं किती झाली मोजली नाहीत,
एकदा तर खालच्या मजल्यावर जिवंत मासे शिरले होते,
पण एकाही कालववाल्याची एकही ओळ हरवली नाही.
हे आधी सांगते,
कारण पुढे मी तक्रार करणार आहे.

मंगळवारी त्साय आजोबा आले.
हातात नुकसानभरपाईची पावती,
पावतीवर नाव: त्साय, मग प्रश्नचिन्ह, मग फू.
"हा मधला कोण?" त्यांनी विचारलं.
भांडले नाहीत. खरंच विचारलं.

मधलं अक्षर त्यांच्या पणजोबांनी
वंशाच्या वहीतून शोधून काढलेलं.
डावीकडे माती, उजवीकडे छपरासारखं काहीतरी,
छपराखाली दोन आडव्या रेघा.
माझ्या तळहातावर त्यांनी बोटानं काढून दाखवलं,
बोटावर शिंपल्यांच्या जुन्या चिरा.
या अक्षराला चार बाइट लागतात.
आमचा रकाना एका अक्षराला तीनच देतो.

आणि यांच्याच बायकोची जन्मतारीख
कुणालाच ठाऊक नव्हती तेव्हा
कुणीतरी भरून टाकली होती
वर्ष शून्य, महिना शून्य, दिवस शून्य.
ती त्यानं निमूट घेतली.
नसलेला दिवस चालतो, असलेला माणूस चालत नाही.

ल्याव म्हणाला, धर्माची गाय आहे, दात कशाला मोजतेस?
मी म्हटलं, मोजते. दूध रोज पितो ना आपण.

मग कागद घेऊन बसलो.
विकतच्या डेटाबेसची किंमत फोनवर ऐकली
आणि ल्याव उठून बादली रिकामी करून आला.
दुसरा एक फुकटचाच,
त्याला चारी बाइट पहिल्यापासून येतात,
पण त्याच्या घरात केर फार साठतो, झाडत राहावं लागतं,
आणि येईल त्या पाहुण्याला तो वेगळी खोली देतो.
आमच्या यंत्रात इतक्या खोल्या कुठल्या?

राहता राहिलं, आहे तेच रुंद करणं.
नावाचा रकाना दोनशे पंचावन्न अक्षरांचा.
तीननं गुणा: सातशे पासष्ट.
इंडेक्सची मर्यादा सातशे सदुसष्ट.
कुणीतरी, कधीतरी, कापड वाया जाऊ नये म्हणून
इतकं बेताचं बेतलं होतं.
चारनं गुणलं की हजार वीस, आणि शिवण उसवते.
म्हणजे एका म्हाताऱ्याला टेकायला जागा हवी
तर चौदा हजार माणसांनी सरकून
एकशे एक्क्याण्णववर यायचं.

सगळ्यात लांब नाव शोधलं.
एका इंडोनेशियन खलाशाचं निघालं, एकोणचाळीस अक्षरं.
सरकायचं होतं ते फक्त रिकाम्या जागेनं.
सोळा वर्षं आम्ही तिचीच राखण करत होतो.

रविवारी रात्री दोन वाजता केलं.
एकदा सुरू झालं की मागे फिरता येत नाही,
हीही त्याची एक खोड.
अकरा मिनिटं टेबल कुलपात.
ल्यावनं तेवढ्यात तीन सिगारेटी पेटवल्या,
ओढली एकही नाही.

बुधवारी आजोबांना नवी पावती दिली.
त्साय, मग एक रिकामा चौकोन, मग फू.
सर्व्हरमध्ये अक्षर नीट आहे हो,
प्रिंटरच्या फॉन्टमध्ये नाही, मी सांगत राहिले.
त्यांनी काउंटरवरचं पेन उचललं,
चौकोनात सावकाश माती काढली, छप्पर काढलं,
दोन रेघा ओढल्या.
"हे बरंय," म्हणाले,
"प्रश्नचिन्हात लिहायला जागा नव्हती."

प्रिंटरचं ल्यावला अजून सांगितलेलं नाही.