अडीच

दौलूनाना गेले तेव्हा आंघोळ घालणाऱ्यांनी
दोनदा पाणी बदललं.
पिवळं उतरतच होतं.
चाळीस वर्षं सांगलीच्या हळदपेठेत काढलेला माणूस.
शेवटी विलासदादा म्हणाला, राहू द्या,
नवरदेव समजून घेतील वर.

रुमालाखाली भाव ठरवायचे नाना.
वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा,
खाली बोटांत बोटं:
हे धरलं की हजार, हे दाबलं की शंभर,
पेरात दुमडलं की अर्धं.
सवय घरीही आली.
भाकरी किती, ते पंचाखाली काकीचा हात धरून सांगायचे.
काकी म्हणायची, 'अवो, तोंड हाय न्हवं?'
आम्हा पोरांच्या लिमलेटच्या गोळ्यासुद्धा लिलावात निघायच्या.
मी एकदा तीनवर सौदा तोडला.
नाना पाचपर्यंत आले असते,
हे मला माझ्या लग्नात कळलं, अक्षता पडताना,
त्यांच्याकडूनच.

महापुरात यार्डात मगर शिरली होती म्हणे.
पहिल्या वर्षी ती चार फुटी होती.
पुढच्या पुराला सात.
माझ्या लेकाच्या बारशाला अकरा.
नाना तिला म्हणाले, 'आज सौदं बंद. सोमवारी ये.'
आणि ती वळून गेली.
सोमवारी आली का, असं विचारणाऱ्याला
नाना चहा पाजत नसत.

मिरजेच्या दवाखान्यात नाकातोंडावर मास्क.
नानांनी माझा हात चादरीखाली ओढला.
एक बोट.
दुसरं.
तिसरं, मधल्या पेरात दुमडून.
अडीच.
डोळ्यांनी विचारलं, पटतंय?
मी घाईत मान हलवली.
काय घेतलं, काय विकलं, देव जाणे.

विलासदादाच्या मते अडीच लाख.
त्यानं माळ्यावरचे सगळे पत्र्याचे डबे उघडले.
एकात लुनाच्या सात चाव्या निघाल्या.
लुना एकच होती.
सुमनआत्या तोळ्यांवर ठाम.
धाकट्या जावयांनी गुंठे धरले आणि तलाठ्याला फोन लावला.
काकी म्हणाली, 'भाकरी. अडीच भाकरी.
भुकेला हुता माणूस, तुमास्नी कळलं न्हाई.'
त्या दिवशी मग कुणी आकडा काढला नाही.

दहाव्याला कृष्णाकाठी कावळा शिवेना.
दादानं कबूल केलं, लुना विकणार नाही.
मग काकीला अंतर देणार नाही.
आत्यानं तर कुणी न मागता
पाटल्यांवरचा हक्क सोडला,
आणि लगेच तिचा चेहरा उतरला.
कावळा कठड्यावर बसून ऐकत होता,
मुरलेल्या अडत्यासारखा, मान तिरकी करून,
अजून बोला म्हणत.

साडेअकराला नेमगोंडाशेठ आले, बाजार आटपून,
हात तसेच पिवळे.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
पिंडाशेजारी पसरला, खाली हात घातला
आणि घाटभर ऐकू जाईल असं म्हणाले,
'दौल्या, चौऱ्याऐंशी सालच्या चहाचं अडीच रुपयं.
सोडलं. मिटलं. ऊठ आता.'

कावळा उतरला.
चार घास घेतले,
एक दादाच्या टोपीवर सांडला.

परतताना मी विचारलं, 'खरंच अडीच रुपये होते, शेठ?'
ते चप्पल शोधत होते.
'कसलं अडीच! दौल्यानं माझा पैसा ठेवला न्हाई कधी.
पण पोरी, सौदा अडला
की आकडा कुणीतरी बोलावा लागतो.'
चप्पल सापडली, ती दुसऱ्याच कुणाची.
तीच घालून गेले.

काल रात्री लेकानं विचारलं,
नानांची मगर नक्की केवढी होती?
मी त्याचा हात गोधडीखाली ओढला.
आधी अकरा धरले.
मग एक बोट. दुसरं.
तिसरं, दुमडून.

'लई होतंय,' तो म्हणाला.
पण हात काढून घेतला नाही.