बारा कान

पुलाला शहाण्णव जागा आहेत
जिथं कान लावता येईल.
मंजूर झालेत बारा.
बाकीचे लाल पेनाखाली गेले, मार्चमध्येच.

बारा कुठं लावायचे याच्या शक्यता
सहाशे लाख कोटींहून जास्त.
एकेक तपासत बसले
तर मी निवृत्त होईन, आणि पूल
वाट बघून बघून मुठेत उतरेल.

म्हणून त्यांची लग्नं लावते.
शून्य आणि एकांच्या माळा, शहाण्णव मण्यांच्या.
दोन बऱ्यातल्या घ्यायच्या, मधेच तोडायच्या,
हिचं डोकं, तिचं शेपूट.
पोरं होतात. बहुतेक मठ्ठ.
एखादीला तेरा कान फुटतात, एक उपटावा लागतो.
जी पुलाचं थोडं जास्त ऐकते ती उरते,
इतरांची नावंसुद्धा मशीन ठेवत नाही.

दस्तगीर म्हणतो, मॅडम, मधोमध लावा की सरळ,
तिथंच तर जास्त हलतो.
खरंय, पहिल्या लयीत.
दुसरीत दोन्ही अंगं वरखाली होत असताना
गाळ्याचा मध्य ढिम्म,
भांडणात पेपर वाचणाऱ्या सासऱ्यासारखा.
तिथल्या कानाला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
आईलाही येत नव्हतं. तिच्या वडिलांनाही, म्हणे.
कुणाच्याही घरी आई दारात क्षणभर थांबायची:
भिंत कुठं, पंखा कुठं, हळू बोलणारी वन्सं कुठं,
मग नेमकी त्या एका खुर्चीवर
जिथून उजव्या कानात अख्खी खोली मावेल.
लोक म्हणायचे, शिष्ट आहे.
शाळेत पहिल्याच दिवशी
मी डावीकडची भिंत धरली.
शिकवलं नव्हतं कुणी.

दोनशे अकराव्या पिढीत एका माळेत
दोन मणी चुकून उलटले.
चुकून म्हणजे, आम्हीच ठेवलेली चूक, हजारात एक.
मधला कान सरकून
चौथ्या खांबाच्या अलीकडे, पाइपाखाली गेला,
जिथं कबुतरांखेरीज कुणाचं काम नसतं.
आलेख जरासा चढला
आणि मग उतरलाच नाही.

रात्री दोन. डेक्कनकडची शेवटची बस कधीच गेलेली.
दस्तगीर दोरावरून वर आला,
कोपरापर्यंत ग्रीस, खांद्यावर पिसं.
माझ्या मागून वळसा घालून
उजवीकडे उभा राहिला, मगच म्हणाला,
बसला, मॅडम.
दोन वर्षं झाली बरोबर काम करून.
मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

पडद्यावर बारा रेघा, सरळ.
तेवढ्यात पाण्याचा टँकर गेला.
बाराही जणांनी ऐकला,
मी तळपायांनी.