नुकसानीची वही

ओझरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी रिव्हेट तपासले.
माझा शिक्का एकशे सत्तावन्न,
पंखाच्या आतल्या बाजूला, रंगाखाली,
जिथं पुन्हा कुणी पाहत नाही.

निवृत्तीनंतर जानोरी रस्त्यावरच्या घरात
कापडी पाठीची एक लांब वही काढली
आणि लाल शाईनं रकाने आखले:
युद्ध. वर्ष. बाजू. किती उडाली.
किती परत आली नाहीत.

वाचनालयातून जाडजूड ग्रंथ आणले,
मोगलांच्या रद्दीतून किलोनं मासिकं.
शेजारी द्राक्षं उतरवायचे,
मी विमानं उतरवायचो.

हिशोब जुळेना.
एकानं पाडलेली
दुसऱ्यानं गमावलेल्यांपेक्षा नेहमी जास्त.
मधली कुठं गेली?
कोरियात म्हणे दोघांनी
एकच धूर आपापल्या नावावर लावला.
आणि वाळवंटातल्या युद्धात
धावपट्टीवर उभ्या उभ्या जळाली ती?
पडायला आधी वर असावं लागतं.
नवा रकाना पाडला: न उडता.

मग हजार उड्डाणांमागचा दर काढायला बसलो.
नाहीतर मोठ्या युद्धाला मोठा आकडा,
त्यात कसलं आलंय शहाणपण?
पहिल्या महायुद्धाची विमानं लाकूड, कापड, सरस,
आणि शिकता शिकताच गेलेली पोरं,
ज्यांना शत्रूनं पाहिलंही नव्हतं.
व्हिएतनामला पान पुरेना, खाली दुसरं चिकटवलं.
पासष्ट आणि एकाहत्तर पेन्सिलीनं,
दोन्हीकडचे दावे शेजारी शेजारी,
भांडलेले भाऊ एका पंगतीत बसवावेत तसे.

शकुन तांदूळ निवडत होती.
"यात तुमच्या हातची किती?"
म्हटलं, शांततेतली मी धरलेली नाहीत.
ती काही बोलली नाही.
एक खडा ताटाबाहेर टाकला.

माघात सागरहून एक गृहस्थ आले,
रामसनेही दुबे, डाक खात्यातून निवृत्त.
मुलगा सरावाच्या उड्डाणात गेला होता,
कुठलंही युद्ध नसलेल्या एका मंगळवारी.
माझं नाव त्यांना कुणी दिलं, त्यांनी सांगितलं नाही.
रिव्हेटचं काही विचारलं नाही.
रामकुंड कुठं, एवढंच.

रिक्षानं नेलं. कलश त्यांच्या मांडीवर,
खड्ड्यांवर मी हात मधे धरायचो.
इथं हाडं विरघळतात म्हणतात.
ॲल्युमिनियमचं मला माहीत आहे.

गायधनी गुरुजींनी नामावळीची वही सोडली,
माझ्या वहीहून अरुंद, माझ्याहून फार म्हातारी.
गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं,
आणि पानं उलटता उलटता थांबले.
दुबेंच्या आजोबांची सही तिथं होती,
मोडक्या नागरीत, कुणाच्या तरी अस्थी घेऊन आलेले.
त्याच्याखाली आता नातवाच्या मुलाचं नाव.
दुबे चष्मा पुसत राहिले, मग सही केली.
कशानं गेला, याला त्या वहीत रकाना नव्हता.
बाजू, हाही नव्हता.

विमानाचा क्रमांक मी विचारला नाही.
तपासणीच्या डायऱ्या माळ्यावर आहेत,
विचारला असता तर
रात्रीतून शिडी लावली असती.

घरी येऊन वही उघडली.
शेवटच्या पानावर एक रकाना आखला,
त्याला मथळा अजून सुचलेला नाही.

सकाळी नऊच्या सुमारास ओझरकडून एक वर चढतं.
मी पेन खाली ठेवतो.
आवाज चांदवडच्या डोंगरांकडे जातो,
बारीक होतो,
नाहीसा.
शकुन म्हणते, चहा निवतोय.
मी म्हणतो, थांब,
अजून परत यायचंय.