पहिली नोंद

सुआमेच्या या गल्लीत
इंजिनं पोटं उघडून पडलेली असतात,
आणि माती इतकं तेल प्यायलेली
की बादलीभर पाणी ओतलं तरी तोंड फिरवते.

आज दारात एकवीस टनांचं पिवळं धूड.
तेमा बंदरावरून ट्रेलरवर बसून आलं,
काचेवर अजून जपानी अक्षरं,
सीटखाली एक लोकरी हातमोजा,
डाव्याच हाताचा.
इथल्या उन्हात क्वाबेना तो घालून बघतो आणि हसतो.

मीटरवर सहा हजार चारशे बारा तास.
"नवरीसारखी आहे," अमानक्वा म्हणतो. विकणारा तोच.

किल्ली फिरवली. इंजिन नाही, नुसता पडदा उजळला,
आणि त्यावर तीन कोड.
क्वाबेनानं वहीत उतरवले.
"तीन सेन्सर गेले, मॅडम. तीन मागवू?"

थांब रे.
मंगळवारचा म्हणून तू क्वाबेना,
गुरुवारची म्हणून मी याआ.
नाव वार सांगतं,
पोर चावरं आहे का, ते नाही सांगत.
कोडचंही तसंच.

या तिघांना पाच व्होल्ट एकाच तारेतून येतात.
एका माठावर तीन पेले.
माठ आटला की तिघंही बोंबलतात,
आणि बोंबलणाऱ्यांनाच बदलणं म्हणजे
चोर सोडून संन्याशाला फाशी,
वर दोराचे पैसे गिऱ्हाइकाकडून.

सुया टेकवल्या: एक पूर्णांक दोन.
पहिल्याचा प्लग काढला. एक पूर्णांक दोन.
दुसऱ्याचा. तेच.
तिसरा काढताना नख तुटलं. तेच.
चौथा, ज्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती,
त्याच्यावर माझा संशय होता.
तोही निर्दोष.
मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मग माठ गळत नाही, वाट गळते.
पंपामागे, जिथे बोटंच जातात, डोळे नाहीत,
एका पट्टीखाली तारांचा जुडगा
लोखंडाला घासून घासून उघडा पडलेला.
त्यावर कुणीतरी निळी टेप गुंडाळली होती,
सात वेढे, शेवटी दोऱ्याची बारीक गाठ.
त्या बोटांना घाई नव्हती.
बाहेर बर्फ असेल कदाचित. एक हात उघडा.

टेपखाली तांबं हिरवं.
मी सोलली, जोडली, नळी चढवली, पट्टी वळवली.
चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

इथे काम संपायला हवं होतं.
पण लॅपटॉपला जुन्या गोष्टी विचारायची मला खोड आहे.
तारेची पहिली तक्रार,
नोंद: अकरा हजार नऊशे तीसव्या तासाला.

मी समोरचा मीटर पुन्हा वाचला.
डोक्यावरचं घड्याळ बदलता येतं,
इंजिनाच्या डब्यात दुसरं असतं,
ते अमानक्वाला माहीत होतं.
"पुसून टाक ना," तो हळूच म्हणाला,
"जुनंच आहे. एक बटण."

सार्पोमाबाई टायरवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होत्या,
गटारं खणायचं कंत्राट मिळालेलं, पैसे पिशवीत.
मी काही बोलले नाही.
लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा लावला.
पडदा वाचला, मीटर वाचला,
मग अमानक्वाला वाचलं, सर्वांत सावकाश.
"बारा हजार तास," म्हणाल्या,
"आणि नवरी?"
शेंगांची टरफलं झटकली. "निम्मी किंमत."

तासभर आरडाओरडा झाला, देवाचं नाव निघालं,
आईचंही निघालं,
मग निम्म्याहून थोड्या जास्तीवर हात मिळाले.

क्वाबेना विचारतो, "आता कोड पुसू?"
तीन पूस.
ती नोंद राहू दे.
पुढं कुणी उघडलंच
तर त्याला तारीख तरी खरी मिळावी.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं नाही.
दुसऱ्यात लागलं.
हातमोजा बाईंनी मागून घेतला,
कशाला, ते सांगितलं नाही.