हजेरी क्रमांक एकोणीस

जूनपासून सोमवारच्या चौकटीत
तिच्या नावापुढे 'ग'.
मंगळवारी 'ग'. बुधवारी कधीमधी 'ह',
तोही मधल्या सुट्टीनंतरचा.
खिचडीच्या वासानं येते, असं मी मनाशी म्हटलं.
म्हटलं, याची आता लाज वाटते.

शेवटी एका गुरुवारी
शेजारच्या बाईंवर वर्ग सोपवून
पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत शिरले.
पर्समध्ये उपस्थितीचं परिपत्रक,
ओठांवर भाषण: रोज आलं पाहिजे,
पहिलीत पडलेला खड्डा चौथीपर्यंत बुजत नाही,
वगैरे.

पत्र्याचं दार नुसतं लोटलेलं.
आत प्रांजल खुडे, इयत्ता पहिली,
गणवेशात.
दोन वेण्या, लाल रिबिनी, पावडर,
पाठीला दप्तर
आणि दप्तरासकट भिंतीला टेकून
गाढ झोपलेली.

शेजारीण म्हणाली, आई पहाटे चारला जाते,
मार्केट यार्डातून मेथी उचलायला.
जाण्याआधी झोपेतच हिच्या वेण्या घालते,
मोजेसुद्धा चढवते पायांत,
"साडेसहाला ऊठ हां बाळा," म्हणते.
साडेसहाला उठवायला घरात उरतं कोण?
एक घड्याळ आहे,
ते हिला वाचता येत नाही.

घड्याळाचं पान
आम्ही वर्गात सोमवारीच घेतलं होतं.

भाषण तसंच गिळलं.
परिपत्रकात या झोपेसाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच विचारलं,
प्रांजलच्या गल्लीतून कोण कोण येतं?
जुनैद बागवानचा हात वर. दोन्ही हात.
तेव्हापासून तो रोज
लाकडी पट्टीनं तिचा पत्रा बडवतो,
ठण ठण ठण.
अख्खी गल्ली त्याला शिव्या घालते
आणि वेळेवर उठते.
त्याच्या मागं आणखी तिघं लागलीत,
त्यांतल्या एकाला तर मी
पटावरून जवळजवळ विसरलेच होते.

आता हजेरीला मी "अठरा" म्हणते ना म्हणते
तोच एकोणीसचं "हजर!" येऊन आदळतं,
बिचाऱ्या अठराचा आवाज त्यात बुडतो.

परवा स्वारगेटच्या सिग्नलला बस अडकली.
सात मिनिटं उशीर.
पोचले तर वर्ग चिडीचूप,
काळजीच वाटावी इतका.
फळ्यावर वाकडंतिकडं 'बाई'
आणि पुढे भला मोठा
'ग'.

खाली प्रांजल. बोटं खडूनं पांढरी.
"मोठा काटा तीनवर आला," म्हणाली,
"तेव्हा तुम्ही नव्हता."