शिल्लक

वन्सं महालेखाकार कार्यालयात होत्या, एकतीस वर्षं.
दुसऱ्यांच्या खर्चापुढे लाल टिंब देत.
लाल टिंब म्हणजे: खुलासा हवा.
आता गच्चीवरच्या सूर्याचं ऑडिट करतात.

लांबट हिरवी वही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
जमा: नऊ ते चार, ऊन, कडक.
नावे: फ्रीज. पंप. टीव्ही (अनावश्यक).
आणि रात्री अकरा ते सहा, प्राणवायूचं यंत्र,
जे उशाशी धापा टाकतं
त्यांच्याऐवजी.

जिन्याखाली चार बॅटऱ्या, गुरांसारख्या अंधारात उभ्या.
महिन्यातून एकदा मी त्यांना पाणी दाखवते,
डिस्टिल्ड, नळाचं नाही.
टोकांवरची पांढरी बुरशी धुते, व्हॅसलीन लावते.
कुशवाह मेकॅनिक म्हणतो, नीट ठेवलीत तर सहा हिवाळे काढतील.
बाकी मला एवढंच कळतं:
दुपारी गच्चीवर पडलेलं ऊन
रात्री अडीचला
एका बाईच्या नाकपुडीत जातं.

मग पौषातलं धुकं आलं.
जनकगंजातून किल्ला दिसेना. किल्ला सोडा,
समोरच्या कदमांचा नळ दिसेना.
मंगळवारी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला,
उद्या बसवतो म्हणाले. कुठला उद्या, ते नाही सांगितलं.
फ्रीज बंद. दूध खिडकीत. टीव्हीवर टॉवेल.
मी दोनदा गच्चीवर जाऊन पॅनेलवरचं दव पुसून आले,
जणू पुसल्यानं सूर्य दिसणार होता.

गुरुवार, रात्री एक.
अजून आम्ही सोमवारचं ऊन खर्च करतोय.
टॉर्च धरून आकडा बघते: तेवीस पूर्णांक चार.
आतून आवाज, "शिल्लक?"
"पुरेल."
"पुरेल हा आकडा नव्हे."
सांगितला.
काही बोलल्या नाहीत. रजईतून हात काढला,
यंत्राची कळ दोनवरून दीडवर आणली.
त्यानं वीज फारशी वाचत नाही,
हे कुशवाहनं दोघींनाही सांगितलं होतं.

"सिलिंडर लावू?"
"तो आकस्मिक निधी. मार्चआधी हात लावायचा नाही."
हसल्या, मग खोकल्या,
मग बराच वेळ नुसतं यंत्र.

माझ्या लग्नानंतर नऊ वर्षं
आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.
एका पितळी डब्यावरून.
तेही कुठंतरी साठलेलं असणारच.
कळ मी पुन्हा दोनवर नेली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

साडेआठला धुक्यात एक पांढुरका गोळा,
ताकावर लोणी यावं तसा, यायला न यायला.
मीटर म्हणाला, पाऊण अँपिअर.
मी वही नेऊन दिली.
त्यांनी चष्मा मागितला, पेन झटकलं,
डावीकडे लिहिलं: ऊन, किरकोळ.
त्याखाली माझं नाव. जागरण, एक रात्र.
आणि बराच विचार करून
शेजारी
लाल टिंब.